पडद्यावरचं कपाळ

मिरजेच्या कुसुमआजी मेलबर्नच्या नातीला दर वाढदिवसाला ओवाळतात. पाटावर पोह्यांच्या डब्याला टेकवून फोन बसवायचा, पडद्यावरच्या कपाळाला कुंकू लावायचं, निरांजन ओवाळायचं, वरून अक्षता टाकायच्या. नात हलली की कुंकू नाकावर जातं. मागच्या वर्षी फोन दुरुस्तीला न्यावा लागला. "आजी, ह्यात तांदूळ कसा गेला?" दुकानदाराने विचारलं.

"वाढदिवस होता," आजी म्हणाल्या.

यंदा आजींना पंचाहत्तरावं लागलं. सकाळी फोन आला, तर नातच समोर ताट घेऊन बसलेली. "आजी, आज मी ओवाळणार. हलू नकोस."

आजी हलल्या नाहीत. कुंकवाचं बोट जवळ आलं, कपाळावरून घसरून कॅमेऱ्यावर गेलं आणि आजींचा अख्खा पडदा लाल झाला.

"अगं, आजीला कुंकू नाही लावायचं," तिकडे आजींचा मुलगा म्हणाला. हळूच म्हणाला, पण फोनवर सगळं ऐकू येतं. "आजोबा गेल्यापासून ती लावत नाही."

"का?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "आई, थांब हं, कॅमेरा पुसतो," मुलगा म्हणाला.

"पुसू नकोस," आजी म्हणाल्या. "तिचं ओवाळून होऊ दे."

लाल पडद्यासमोर त्या ताठ बसून राहिल्या. काचेवर अक्षता पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी डोकं थोडं पुढे केलं.