नानांचा पट्टा

खण्ण!

दुपारच्या शांततेत तो आवाज आला आणि हर्षालीने चहाचं आधण तसंच सोडून दाराकडे पाहिलं. क्षणभरच. मग आठवलं, आता दारात कुणी येणार नाही. बाहेरच्या खोलीत तिच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, तेजूच्या हातून पट्टा फरशीवर पडला होता.

हर्षालीच्या लहानपणी हा आवाज झाला की नाना घरी आले असं समजायचं. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या. हवालदार असलेले तिचे वडील ड्युटीवरून आले की आधी पट्टा काढून दाराआडच्या खिळ्याला अडकवायचे. पितळी बक्कल भिंतीवर आपटायचं, खण्ण. मग आई चहा टाकायची. रविवारी जुन्या पेपरवर पट्टा पसरायचा, बक्कलाला ब्रासो लागायचा आणि चिंधी हर्षालीच्या हातात यायची. "घास अजून. माझ्या मिशा दिसल्या पाहिजेत त्यात." लाइनीतल्या पोरांना एकमेकांच्या बापांची नावं माहीत नसायची, बक्कल नंबर मात्र पाठ. भांडण झालं की पोरं ओरडायची, "जा, सांग जा तुझ्या सोळाशे बाराला!"

आई गेल्यावर नाना गंगापूर रोडला तिच्याकडे राहायला आले. पट्टाही आला. चिंधी तेजूकडे गेली.

आणि महिन्यापूर्वी नाना गेले. अचानक. सगळे हेच म्हणाले, अचानक. पोटातलं दुखणं होतं, आधी कळतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. हर्षालीने तेवढंच घट्ट धरून ठेवलं होतं. नानांनाही कळलं नव्हतं. कळलं असतं तर ते आपल्याला बोलले असते. एका घरात राहून आपलं काही पाहायचं राहून गेलं, असं झालेलं नाही.

ती चहा घेऊन बाहेर आली. सोफ्याच्या कडेवर बारकूकाका अवघडून बसले होते. नानांच्याच भरतीतले, गाव सिन्नरकडचं, आता पोलीस मुख्यालयातलं भांडार सांभाळत होते. नानांकडचं सरकारी सामान नेऊन द्यायला खरं तर तिलाच जावं लागलं असतं. पण काका स्वतः आले होते. लाठी, हेल्मेट, रेनकोट, शिट्टी, सगळं त्यांनी पायाशी मांडून ठेवलं होतं.

"पट्ट्याचं चामडं ऱ्हाऊ दे तुला, पोरी," ते म्हणाले. "झिजलंय, त्याला कोण इचारतं? बक्कल तेवढं काढून दे. नंबर नव्या पोराला जाईल."

"लगेच, काका?"

"सिंहस्थ आलाय ना तोंडावर. माणसं लय कमी पडत्यात."

सिंहस्थ. नानांचा तो तिसरा असता. मागच्या वेळी घाटावरून परतले तेव्हा पाय एवढे सुजले होते की बूट तिने आणि आईने मिळून ओढून काढले. तरी पुढे वर्षानुवर्षं तेच कौतुक. "अजून एकदा गोदावरीच्या काठाला उभा राहतो," ते म्हणायचे, "मग पट्टा उतरवला तरी चालेल."

हर्षाली खाली बसली. पट्टा मांडीवर घेतला. बक्कल अजून लखलखत होतं, तेजूची मेहनत. मागच्या दिवाळीला हाच पट्टा लावून नाना फोटोला उभे राहिले होते.

"नाना, ढेरी कुठे ठेवून आलात?" तिने विचारलं होतं.

"भांडारात जमा केली! नवे साहेब पोटवाल्यांना मैदानावर पळवतात बाई."

किती हसले होते सगळे. 'माझा फिट बाप' असं लिहून तिने तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

बक्कल काढण्यासाठी तिने पट्टा सरळ केला. एरवी बक्कलामागे दडणारं टोक पहिल्यांदाच उलगडलं.

सुरुवातीची भोकं गोल होती, एका ओळीत, मशीनची. त्यांच्यापुढे एक वाकडं भोक होतं, खिळ्याने पाडलेलं. त्याच्यापुढे आणखी एक. मग आणखी. प्रत्येक वेळी थोडं आत. शेवटचं इतकं आत होतं की तेवढ्या कंबरेचा माणूस तिला डोळ्यांसमोर आणवेना.

बारकूकाकांनी पट्टा हातात घेतला. अंगठा एकेका भोकावरून फिरवला.

"सैल झाला तर पट्टा बदलून मिळतो," ते म्हणाले. "माझ्याकडंच यावं लागतं त्यासाठी." त्यांनी चष्मा काढला. "पण मी इचारलं असतं ना तुझ्या बापाला, गोरक्ष, एवढा कशानं उतरला रं? हाताला धरून दवाखान्यात नेला असता. आन् मग कुठला घाट नि कुठला बंदोबस्त. म्हणून नाय आला तो."

त्यांनी पट्टा परत तिच्या मांडीवर ठेवला आणि चष्मा पुसत बसले. चहावर साय धरली. हर्षालीने शेवटच्या भोकावर बोट ठेवलं, आणि मग तिला पुढचं काही दिसेना.

तेजू हळूच जवळ आली. तिने पट्ट्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. ती घाबरली होती.

"आई, मी नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलंस, बाळा?"

"खिळा मी धरायचे. नाना ठोकायचे. नाना म्हणाले, आईला सांगायचं नाही, ती रडेल." तेजूने आपल्या फ्रॉकने तिचे डोळे पुसले. "मी तर कुणालाच नाही सांगितलं. मग तू का रडतेस?"