दोन पेले पाणी

वजनकाट्यावरून उतरणाऱ्या एवारिस्तोकडे न बघताच डायलिसिसच्या नर्सने आकडा सांगितला. दोन दिवसांत साडेचार किलो वाढले. सगळं पाणी.

नायीबेने तो आकडा कागदावर लिहिला. आरोग्य-मानसशास्त्राच्या प्रशिक्षणातला हा तिचा तिसराच आठवडा. दहा वाजता मूत्रपिंड बदलायच्या यादीची समिती बसणार होती. रोज दोनच पेले पाण्याचं पथ्य मोडून वर ते लपवणाऱ्याचं नाव समिती सरळ कापायची. खरं बोलणाऱ्याला निदान महिन्याची मुदत मिळायची. साडेनऊ झाले होते.

"सेन्योर एवारिस्तो, रोज पाणी किती होतं?"

"दोन पेले. थेंबभर जास्त नाही, आईची शप्पथ." सुजलेले पाय त्याने खुर्चीखाली ओढून घेतले.

नायीबेच्या मागे तिला शिकवणाऱ्या डॉक्टर ओदालिंदा उभ्या होत्या. शिकाऊ मुलींना पाच दिवस रुग्णाचंच पथ्य पाळायला लावायचं, रोजचे पेले वहीत लिहायला सांगायचे आणि शेवटी वही तपासायची, ही त्यांची खोड. वहीत खोटं सापडलं की घरचा रस्ता. नायीबेच्या वहीत पाचही दिवस 'दोन' होते, अगदी सुबक अक्षरात.

तिने पुस्तकातले प्रश्न विचारले. गडी पक्का होता, त्याने पुस्तकातलीच उत्तरं दिली. टेबलाखाली तिचा पाय हलायचा थांबेना.

"तुम्हालाही पाळायला लावलंय म्हणे," तोच म्हणाला. "जमतंय?"

"हो," ती म्हणाली. मग मागे न बघता बोलली, "नाही. पहिल्याच दिवशी चार पेले झाले. काल फ्रीजमधला बर्फ सुरीने खरवडून खाल्ला. वहीत खोटं लिहिलंय."

एवारिस्तो खो खो हसत सुटला.

"सुरीने? अगं पोरी, सुरीने कुणी बर्फ खरवडतं का! तीस वर्षं गोळे विकतोय मी." मग सुजलेले पाय त्याने खुर्चीखालून बाहेर काढले. "गाडी सोडली तर खाऊ काय? आणि गाडीवर उभं राहिलं की हात जातोच. असा मूठभर बर्फ तोंडात. दिवसातून दहादा तरी. लिही."

तिने लिहिलं. ओदालिंदांनी कागद ओढून घेतला.

"हा मी समितीकडे नेते. येईपर्यंत तुझी वही नीट कर. मग बघू तुझं काय करायचं ते."

त्या गेल्या. नायीबेने पाचही 'दोन' खोडले.

"कालच्या बर्फाचं किती धरू?"

एवारिस्तोने आपली मूठ तिच्या मुठीशेजारी ठेवली.

"तुझी लहान आहे," तो म्हणाला. "अर्धा पेला लिही."