वेशीतली बाई

आईचं बोट चित्राच्या कोपऱ्यात टेकलं, तेव्हा रेजिनाने ते हलकेच उचलून मध्यभागी ठेवलं. "आई, येशूबाळ इथे आहे."

"डोळे गेलेत माझे, अक्कल नाही," म्हणत आईने बोट पुन्हा कोपऱ्यात नेलं.

तळहाताएवढं ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं होतं. बाळांच्या जिवावर उठलेल्या राजापासून येशूला वाचवून मरियामाता गाढवावरून निघाली होती. रेजिनाने आपल्या कामावरच्या प्रयोगशाळेतून आणलेलं भिंग लावलं. गाढवाच्या पापण्यांचे केससुद्धा वेगवेगळे कोरलेले होते. कोपऱ्यात, रोजच्या बोटाने पुसट झालेल्या शाईत, गावाची वेस होती आणि वेशीत रिकाम्या पाळण्याशी बसलेली, तांदळाच्या दाण्याएवढी एक बाई. तिचा हात अजून पाळण्यावर होता.

"वाचलेल्या बाळाला सगळेच हात लावतात," आई म्हणाली. "हिला कोण विचारतंय?"

रेजिनाच्या आधीचा भाऊ तिसऱ्याच दिवशी, बाप्तिस्मा होऊन नाव ठेवलं जाण्याआधीच गेला होता. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

तिने भिंग खाली ठेवलं. "आई, दादाला तू काय म्हणायचीस?"

"मनवेल," आई पुटपुटली. मग तेच नाव तिने पुन्हा एकदा, स्पष्ट आवाजात घेतलं.