तेलाची रेघ

सोव्हिएत पाणबुडीच्या मागे पाण्यावर तेलाची रेघ उमटत होती. लांबच लांब, नजर पोचेल तिथवर. १९४२ चा जून महिना, नॉर्वेचा उत्तर किनारा. या दिवसांत तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणून अंधाराची वाट बघण्यात अर्थ नव्हता. एखाद्या जर्मन विमानाने त्या रेघेचं बोट धरून यायचं, एवढंच बाकी होतं.

आदल्या दिवशी शत्रूच्या गस्तीनौकांनी वरून बॉम्ब टाकले होते. पाणबुडी वाचली, पण डाव्या बाजूच्या टाकीचे पत्रे जोडणारे रिव्हेट सैल झाले आणि तेल गळायला लागलं. आता कमांडर शेबालिनने इंजिनं थांबवली होती आणि बहुतेक तेल दुसरीकडे काढून टाकीचं झाकण उघडलं होतं. डिझेलचा भपकारा वर आला.

"ही टाकी पाण्याची," इंजिनमिस्त्री पान्क्रात म्हणाला. "पाणी घेतलं की बुडी, सोडलं की वर. हिच्यात तेल भरायची अक्कल कुणाची म्हणायची?"

"माझी," वेन्यामिन ओसिपोविच म्हणाले. लेनिनग्राडच्या कचेरीत या जातीच्या पाणबुड्यांचे आराखडे काढण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. टाक्या गळतात का, ते बघायला या खेपेस ते मुद्दाम सोबत आले होते. "तुम्हा लोकांनाच समुद्रात जास्त दिवस राहायचं होतं."

"मध्यम पाणबुडी म्हणे! काम मोठीचं आणि जागा धाकटीची."

आतून फटी बुजवायला पान्क्रातने जाकीट काढलं आणि पाय टाकीत सोडले. छातीपर्यंत गेला, मग खांद्यांशी अडकला. दोघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. आणखी कुणाला बोलवावं या विचारात कमांडर उभा होता, तोवर वेन्यामिन ओसिपोविच कोटाची बटणं सोडायला लागले. लेनिनग्राडच्या वेढ्यातला उपाशी हिवाळा काढलेला माणूस. अंगात हाडांखेरीज काही उरलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या हजेरीपटावर नाही," कमांडर म्हणाला.

"मग तर सोपंच झालं. शिवाय आतली प्रत्येक पट्टी मला डोळे मिटून सापडेल."

कमांडरने झाकणाकडे बोट केलं. "नीट ऐका. विमान दिसलं की हातोडीचे तीन ठोके. त्यानंतर तीस सेकंद. तेवढ्यात बाहेर आलात तर आलात. नाहीतर मी बुडी मारणार. टाकीत खालून समुद्राचं पाणी भरेल. माझ्याकडे अडतीस माणसं आहेत."

"बरोबर आहे," वेन्यामिन ओसिपोविच म्हणाले, जणू कुणी आकडा तपासायला दिला होता. आणि आत उतरले.

पान्क्रात झाकणाशी पालथा पडून तेलात भिजवलेला ताग आणि लाकडाच्या पाचरी खाली देत होता. आतून हातोडी वाजत होती. मधेच खोकला.

"इथे कोपर वळत नाही हो!"

"आराखडा काढणाऱ्याला विचारा!" पान्क्रात ओरडला.

आतून खोकल्यासारखं हसू आलं. मग आवाज लांब गेला, पार टोकाच्या कोपऱ्यात.

वीस मिनिटं झाली असतील. "विमान!" टेहळ्या ओरडला. "डावीकडे, खाली!"

डेकवरची माणसं भराभर आत उतरली. मनोऱ्यावर कमांडर आणि टेहळ्या उरले, झाकणाशी पान्क्रात. बुडीच्या घंटेच्या बटणावर कमांडरचा अंगठा होता. पान्क्रातने हातोडी उचलली आणि वर पाहिलं. त्या कोपऱ्यातून झाकणापर्यंत सरपटत यायला दोन मिनिटं तरी लागणार, हे दोघांनाही कळत होतं.

"ठोकू?"

कमांडरची नजर विमानावरून हलली नाही. विमान मोठं होत गेलं, मग त्याच्या पंखांवरच्या खुणाही दिसायला लागल्या. टाकीत हातोडी चालूच होती, टक्, टक्, टक्.

"कॉम्रेड कमांडर, ठोकू?"

"थांब."

विमान सूर्याच्या बाजूने आडवं निघालं. त्याच्या खालचं पाणी चांदीसारखं चकाकत होतं, त्यात रेघ वेगळी दिसत नव्हती. ते तसंच पुढे गेलं आणि किनाऱ्याकडे वळलं. टेहळ्याने दुर्बीण खाली केली तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उमटली होती. कमांडरने अंगठा काढला आणि पँटला पुसला.

आणखी दहा मिनिटांनी वेन्यामिन ओसिपोविच वर आले. सगळे काळे, डोळे लालभडक. कठड्याला धरून ते दोनदा ओकले.

"पाचर मागत होतो," ते पान्क्रातवर खेकसले. "घसा सुकला माझा. झोपला होतात का?"

"हातून पाण्यात पडली हो," पान्क्रात म्हणाला. त्याने त्यांच्या खांद्यावर स्वतःचं जाकीट टाकलं.

इंजिनं सुरू झाली. मागे आता साधा फेस उमटायला लागला, तेलाची रेघ नव्हती.

जेवायला कोबीचं सूप होतं. पहाऱ्यावरून सुटलेले नऊ जण टेबलाशी दाटीवाटीने बसले होते. वेन्यामिन ओसिपोविचनी पाव सुपात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"तीस सेकंद फार कमी आहेत, कमांडर. परत येताना मी मनात मोजले. शंभर झाले, तरी झाकण आलं नव्हतं. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग विमान आलं असतं तर?"

सगळे चमचे एकदम थांबले. पान्क्रात ताटलीत बघत राहिला.

"आलं नाही," कमांडर म्हणाला. "जेवा. सूप निवतंय."

वेन्यामिन ओसिपोविचनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. एकही मान वर झाली नाही. "पाचर काही पाण्यात पडली नव्हती, पान्क्रात," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी चमचा उचलला.