शालनचा गुण

कबनूरच्या शालनच्या अंगात दर अमावस्येला देवी यायची. त्या दिवशी तिचा नवरा आनंदा बाटलीला शिवायचा नाही. गल्लीदेखत बायकोच्या पायावर डोकं ठेवायचा आणि हात जोडून बसायचा. शहाण्णव सालच्या श्रावणात देवीनं त्याला चारचौघांत सुनावलं, "दारू सोड, न्हायतर घरातनं भाईर हो."

पोरं तापानं फणफणली तरी दवाखान्याची पायरी न चढणारा आनंदा दुसऱ्याच दिवशी बायकोला यष्टीत घालून कोल्हापूरला वेडाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. शालन दिवसभर पेंगायला लागली आणि दिवाळीची अमावस्या देवी न येताच गेली.

"आता अंगात येत नाही ना?" पुढच्या खेपेला डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं.

"येकदम बरी झाली बघा, सायेब," आनंदाच बोलला.

शालननं दंडावरचा पदर बाजूला केला. तिथं काळानिळा वळ होता.



"बरं केलं म्हणू नगा, डॉक्टर. ह्यो वळ अमावस्येचा हाय. आजवर तेवढ्या एका दिवशी तरी ह्यांचं हात जोडल्यालं असायचं."