पाटीमागची खुर्ची

ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या आमच्या चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला टांगलेल्या दोन-दोन जागांच्या खुर्च्यांवर, संध्याकाळी शेवटच्या माणसाच्या खुर्चीला लाल पाटी टांगतात. तिच्यामागे कुणी बसत नाही. पाटी डोंगरावर माझ्यापाशी पोचली की मी लिफ्ट बंद करतो.

यंदा पाटीमागच्या सगळ्या खुर्च्या बर्फाने भरून येत. फक्त पाटीमागच्या पहिल्या खुर्चीतली एक जागा कोरडी असे, कुणी बसून आल्यासारखी.

मी कळवल्यावर लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीने इंजिनियर धाडला, गेबहार्ड नावाचा. बुटांवर बर्फाचा कण नाही, आणि निघाला आम्हाला डोंगर शिकवायला!

"वारा असतो हो, आजोबा. भुतं तुमच्या बाटलीत."

"वाऱ्याला बूड असतं का रे?"

"आज त्या खुर्चीत मीच बसून येतो. मग तरी तोंड बंद कराल?"

"ये की. शहाण्याला कोण अडवणार?"

संध्याकाळी भर हिमवर्षावात पाटी वर आली. मागच्या खुर्चीत हा एकटाच, पाय हलवत बसलेला. उतरला आणि कुत्सित हसला.

"बघितलंत? कुणी नव्हतं."

मी त्याला झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती खुर्ची माझ्यासमोरून वळली. शेजारची जागा कोरडी होती. तो बसून आला त्या जागेवर मात्र वीतभर बर्फ होता, जराही न दबलेला.