सात नंबरची चादर

कोरी चादर अंगावर पडली, तेव्हाच वृद्धाश्रमातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कळलं, आज तपासणी आहे. एरवी त्याच्या वाट्याला येणाऱ्या चादरीवर आधीच्या तीन म्हाताऱ्यांच्या आठवणी डागांच्या रूपाने शाबूत असत.

आयाबाईने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. त्याच फडक्याने आधीची सहा तोंडं पुसून झाली होती, आणि त्याच्याही आधी बहुधा खिडकी. खोलीत फिनेल आणि मूत यांची कुस्ती जुंपली होती. फिनेल खाली होतं.

"आजोबा, बाई आल्या की शहाण्यासारखं गप पडून राहायचं हं."

"मला दुसरं काय येतंय?" म्हातारा म्हणाला.

कमरेखालचं त्याचं शरीर दोन वर्षांपूर्वीच संपावर गेलं होतं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, असा नियम होता. भिंतीवरच्या तक्त्यात तो काटेकोर पाळला जात होता; तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत भरून तयारही होता. प्रत्यक्षात कूस गेल्या महिन्यात एकदा बदलली, तीही खाट सरकवायची होती म्हणून. पाठीला वाटीएवढी जखम झाली होती. तिच्यावर माश्यांची ये-जा असे, आणि तेवढीच त्याला भेटायला येणारी मंडळी.

तपासणीच्या कागदावर 'जखम' एवढा एक शब्द पडला, की माणसाला त्याच दिवशी इस्पितळात हलवावं लागतं. हा नियम म्हाताऱ्याला तोंडपाठ होता. त्या एका शब्दासाठी तो तीन महिने दिवस मोजत होता.

तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या, नाकाला रुमाल. म्हातारा नुसत्या डोळ्यांनी त्यांच्या मागे फिरला. आता नळ सोडून बघतील. त्यांनी नळ सोडून बघितला. आता पडदे. पडदे झाले. आता तक्त्यापाशी थांबून मान हलवतील. बाईंनी मान हलवली. उद्या संध्याकाळपर्यंतच्या सह्या पाहूनही हलवली.

शेवटी त्या खाटेपाशी आल्या.

"काय आजोबा, बरं आहे ना?"

"बाई, चादर उचला."

बाईंच्या मागोमाग आलेल्या आश्रमाच्या मेट्रन हसल्या. "यांचं आपलं काहीतरी चालूच असतं. मनावर घेऊ नका."

"एकदाच उचला. पाठीपाशी बघा."

बाईंचा हात चादरीच्या काठापर्यंत गेला. मेट्रनचं हसू जागच्या जागी वाळलं. बाईंनी काठ चिमटीत धरला, घड्याळाकडे पाहिलं, आणि तो काठ नीट ओढून गादीखाली खोचला. कोपऱ्याला तिरपी घडी घालून, वर दोनदा थोपटून.

"छान आहे की चादर. कोरी आहे."

मग मेट्रनकडे वळून, हलक्या आवाजात, पण म्हाताऱ्याचे कान मेलेत असं गृहीत धरून त्या म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी सांगून ठेवलंय. चादर उचलायची नाही. उचलली की लिहावं लागतं."

"अनुभवी माणूस," मेट्रन म्हणाल्या.

"देवमाणूस हो. रिटायर झाले. आता कुठे असतात कोण जाणे."

म्हाताऱ्याने तिला आता ओळखलं होतं. तेव्हा ती विशीतली पोर होती. अशाच एका खोलीत, अशाच एका खाटेपाशी, तिने न विचारता चादर उचलली होती आणि बघून पांढरीफटक पडली होती. तिच्या हातातून चादर काढून घेऊन, कोपऱ्याला तिरपी घडी कशी घालायची आणि वर दोनदा कसं थोपटायचं, ते त्यानेच तिला दाखवलं होतं.